ओसरी आणि माजघर : घरच्या वायफायविषयी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात गुरुकुंज मोझरी येथे केलेले भाषण, वक्त्यांनी स्वतः लिहून दिल्याप्रमाणे.)



चिटणीसांनी मला या मेळाव्यात बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी शिक्षणावर अथवा विवाहातील अनाठायी खर्चावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. या दोन्ही विषयांवर मी याच व्यासपीठावरून पूर्वी बोललो आहे. त्यानंतर शिक्षण थोडे वाढले आणि खर्च त्याहून पुष्कळ वाढला, हे आपण पाहतच आहो. म्हणून या वेळी मी विषय बदलून मागितला. घरात पाहुणे आले असता त्यांना घरचे वायफाय कसे द्यावे, आणि त्यासाठी राऊटर घेताना काय पाहावे, हा तो विषय होय.

साठी उलटलेला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला, जिल्हा परिषदेच्या शाळांतून फळ्यापुढे आयुष्य घालविलेला मास्तर राऊटरवर काय बोलणार, असे काहींच्या मनात आले असेल. येणे साहजिक आहे. या विद्येचा जाणकार म्हणून मी उभा नाही. मजकडून एक चूक घडली, आणि त्या चुकीचा संबंध आपणांपैकी अनेक कुटुंबांशी पोहोचतो, एवढ्याच अधिकाराने मी बोलत आहे.

मोझरीतील घरांची रीत आपणांस ठाऊक आहे. राष्ट्रसंतांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापन केला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे महानिर्वाण झाले, आणि तेव्हापासून दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथि महोत्सवास येथे जनसागर लोटतो. त्या दिवसांत मोझरीतील घर हे घर राहत नाही, धर्मशाळा होते. दर्यापूरहून आप्त येतात, अचलपूरहून येतात, वर्धा-यवतमाळकडचे येतात. आप्तांबरोबर आप्तांचे शेजारी येतात, आणि शेजाऱ्यांबरोबर ज्यांचे नाव आपण जाताना विचारतो असेही दोघेतिघे असतात. कोणाला नाही म्हणण्याची या गावाची पद्धत नाही. पूर्वी पाहुणा आला म्हणजे पाय धुऊन पाणी मागत असे. सांप्रत तो पाय धुण्यापूर्वीच पासवर्ड मागतो. गर्दीमुळे मोबाईलचे जाळे त्या दिवसांत मंदावते, त्यामुळे घरच्या वायफायला मागणी अधिकच. मी तो पासवर्ड पाटीवर खडूने लिहून ओसरीच्या खुंटीला टांगून ठेवीत असे, आणि त्यात मोठे आतिथ्य केले असे समजत असे.

आता चूक सांगतो. आपल्या मंडळाच्या वधूवर सूचीचे काम काही वर्षे मजकडे आहे. शंभरावर मुलामुलींची परिचयपत्रे, छायाचित्रे, जन्मवेळा, वडिलांचे मोबाईल क्रमांक, पगाराचे आकडे, असा सारा ऐवज एका लहानशा हार्डडिस्कमध्ये साठविला होता, आणि ती डिस्क राऊटरच्या पाठीमागील यूएसबीच्या खोबणीत कायम लावलेली होती. घरातील कोणत्याही संगणकावरून ती उघडता यावी, हा हेतू. एका मुलीच्या मोडलेल्या पहिल्या विवाहाविषयी तिच्या वडिलांनी केवळ माझ्या माहितीसाठी लिहिलेले पत्रदेखील त्यात होते.

२०२४ च्या महोत्सवात उतरलेल्या पाहुण्यांपैकी एक तरुण रात्री ओसरीवर पडल्यापडल्या मोबाईलवर काही पाहत होता. चित्रफिती पाहण्याच्या काही ॲपमध्ये 'स्थानिक जाळे' असा एक कप्पा असतो; तो त्याने सहज उघडला. थोड्या वेळाने तो उठून माझ्याकडे आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, तुमच्या घरचं सारं मले दिसून राहिलं. पोरीइचे फोटो, पत्रिका, सारं. हे काहून दिसते?"

तो मुलगा सज्जन म्हणून त्याने येऊन सांगितले. परंतु त्यापूर्वी तीन महोत्सव आणि माझ्या घरचे एक लग्न याच पासवर्डावर पार पडले होते. त्या काळात कोणी काय पाहिले आणि कोणी काय उचलून नेले, हे मला कधीच कळणार नाही. चोरी झाली असती तर कुलूप तुटलेले दिसले असते. येथे कुलूपच नव्हते. त्या रात्री मी डिस्क उपटून कपाटात ठेविली, पण झोप आली नाही. ज्या बापाने ते पत्र लिहिले ते आज या सभेत आहेत. त्यांना मी हे सारे आधीच प्रत्यक्ष भेटून सांगितले आहे, आणि त्यांनी मला जे उत्तर दिले ते त्यांच्या मोठेपणाचे आहे. ते येथे सांगण्याचा मला अधिकार नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्यास नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीला फोन केला. तिने जे समजाविले ते मी माझ्या भाषेत मांडतो. आपल्या वऱ्हाडातील जुन्या घराची रचना डोळ्यांपुढे आणा. दारातून आत आले की ओसरी. तेथे पाहुणा बसतो, सुपारी खातो, रात्री सतरंजीवर झोपतो. त्यापलीकडे माजघर, तेथे पेटी, दागदागिने, कागदपत्रे, बायकांचा वावर. पाहुणा कितीही जवळचा असला तरी बोलावल्याविना माजघरात जात नाही, आणि यात त्यालाही अपमान वाटत नाही. आपल्या पूर्वजांनी ही भिंत घालताना पाहुण्यास चोर मानले नव्हते. परंतु घरात वायफाय आणताना आपण ती भिंत पाडून टाकली. एका पासवर्डाने जो जो आत आला, तो थेट माजघरात येऊन बसला. त्याचा मोबाईल, आपला संगणक, आपला प्रिंटर, आपली डिस्क, सारी एकाच खोलीतील मंडळी झाली आणि एकमेकांस हाका मारू लागली. पाहुण्याच्या मनात काही नसले तरी त्याच्या मोबाईलमध्ये त्याच्या नकळत काय शिरून बसले आहे, हे त्याला तरी कोठे ठाऊक असते?

यावर उपाय असा की, इंटरनेट एकच, पण घरात जाळी दोन. एक घरचे, एक पाहुण्यांचे. पाहुण्यांच्या जाळ्यातून जगाकडे जाता यावे. घराच्या आत मात्र वळता येऊ नये. राऊटरच्या भाषेत यास 'गेस्ट नेटवर्क' म्हणतात. माझ्या घरी आता दोन नावे दिसतात, एक 'ओसरी' आणि दुसरे 'माजघर'. कोणास काही समजावून सांगावे लागत नाही.

मी हे करीत असता आमच्या एका वयोवृद्ध शेजाऱ्यांनी मला हटकले. ते म्हणाले, "मास्तर, महाराजाइच्या गावात पाहुण्याले येगळी पंगत? हे बरं दिसते काय?" प्रश्न जिव्हारी लागणारा होता. जातिभेद आणि पंगतभेद यांविरुद्ध ज्यांनी आयुष्यभर खंजिरी वाजविली, त्यांच्या आश्रमाच्या सावलीत आपण राहतो. आणि आपले हे मंडळही एका जातीचे आहे, त्यामुळे वेगळेपणाची भाषा करताना आपण इतरांहून अधिक जपले पाहिजे. मी त्यांना तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. पुढे विचार करता मला असे वाटले की, पंगतभेद हा माणसांत होतो. एकास तूप आणि दुसऱ्यास कोरडी भाकर वाढली, तर तो पंगतभेद. येथे ओसरीवरही तेच इंटरनेट येते, त्याच वेगाने. बहुतेक राऊटरांत पाहुण्यांच्या वेगास मर्यादा घालण्याची सोय असते. मुलगी घरून कचेरीचे काम करीत असेल तेव्हाच मी ती वापरतो, एरवी नाही. आणि दुसरे असे की, ही वाटणी माणसांची नाही, उपकरणांची आहे. माझा स्वतःचा मोबाईल मी ओसरीवर ठेविला आहे. कोणी काहीही पाठविले की मी ते उघडून पाहतो, ही माझी खोड मला ठाऊक आहे. तेव्हा अशा माणसाचा मोबाईल माजघरात नसावा, असा निर्णय माझ्या मुलीने दिला व मी तो मान्य केला. हे मी शेजाऱ्यांना सांगितले तेव्हा ते हसले. पुरते पटले की नाही, ते सांगवत नाही.

आता राऊटर निवडण्याविषयी. येथे मी थोडा तपशिलात जातो, कारण पैसे येथेच वाया जातात, माझे गेले.

प्रथम, नवा राऊटर घेण्यापूर्वी घरी असलेली पेटी पाहावी. ऑप्टिकल फायबरची जोडणी देणारी कंपनी जी पेटी बसवून जाते, ती बहुधा स्वतःच राऊटरही असते. २०११ साली केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली, तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. त्या योजनेमुळे आणि खाजगी कंपन्यांमुळे आता खेड्यांतील घरांतही या पेट्या दिसू लागल्या आहेत. यांपैकी कित्येकांत दुसरे नाव चालू करण्याची सोय असते. घरच्या मोबाईलवर अथवा संगणकावर पेटीचा पत्ता, बहुधा १९२.१६८ ने आरंभ होणारा, टाकला की तिचे पान उघडते. हे १९२.१६८ चे क्रमांक घराच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. प्रत्येक गावात 'घर क्रमांक एक' असते, तद्वत् प्रत्येक घरात हे क्रमांक असू शकतात. पेटीच्या पानावर शिरण्याचा पासवर्ड तिच्या पाठीवर अथवा तळाशी छापलेला असतो. पाहुणाही तो वाचू शकतो, हे लक्षात घेऊन तो आधी बदलावा. काही कंपन्या मात्र ही पाने ग्राहकास उघडू देत नाहीत. मग त्यांच्या माणसासच सांगावे लागते.

परंतु दुसरे नाव दिसले म्हणजे दुसरे जाळे झाले असे समजू नये. कित्येक पेट्यांत दोन नावे असतात आणि दोन्ही दारे एकाच खोलीत उघडतात. याची परीक्षा सोपी आहे. मोबाईल पाहुण्यांच्या नावावर जोडावा आणि घरचा प्रिंटर सापडतो का, राऊटरचे पान उघडते का, ते पाहावे. इंटरनेट चालते पण घरचे काहीच दिसत नाही, असे झाले तर भिंत खरी. प्रिंटरमधून कागद बाहेर आला, तर भिंत रंगविलेली आहे.

माझी पहिली खरेदी या परीक्षेत नापास झाली. अमरावतीच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने तीन राऊटर मांडले आणि प्रत्येकाच्या काड्या मोजून दाखविल्या. चार काड्यांचा उत्तम, सहा काड्यांचा अत्युत्तम. बैलबाजारात शिंगे पाहून बैल घेणारा आणि काड्या मोजून राऊटर घेणारा, दोघे सारखेच. पण त्या दिवशी मी सहा काड्यांचा घेतला. डब्यावर 'गेस्ट नेटवर्क' असे स्पष्ट छापलेले होते, आणि ते असत्य नव्हते. घरी बसविणाऱ्या मुलाने मात्र तो 'ॲक्सेस पॉइंट' या पद्धतीने जोडला. म्हणजे कारभार सारा जुन्या पेटीकडे, नवा केवळ तिचा आवाज लांबविणारा भालदार. या पद्धतीत पुष्कळ राऊटरांची पाहुण्यांची भिंत गळून पडते, कारण पाहुणा व घरचा हे दोघेही अखेर जुन्या पेटीच्या एकाच अंगणात उतरतात. नाव 'ओसरी' दिसत होते आणि प्रिंटर कागद ओकत होता. तेव्हा विकत घेताना दुकानदारास असे विचारावे : पाहुण्यांची भिंत केवळ राऊटर पद्धतीत राहते, की ॲक्सेस पॉइंट पद्धतीतही? दुसऱ्या प्रकारासाठी दोन्ही पेट्यांना 'व्हीलॅन' नावाची सोय समजावी लागते; एकाच तारेतून दोन वेगळ्या चिठ्ठ्यांची टपाल नेणे, असा तिचा अर्थ. साध्या घरगुती राऊटरांत ती नेहमीच मिळते असे नाही. दुकानदारास उत्तर ठाऊक नसेल तर राऊटर परत घेण्याची अट आधी घालावी. मी घातली नव्हती.

मग तो सहा काड्यांचा राऊटर वाया गेला का? नाही. मुलीने दिवाळीत येऊन त्याला दुसऱ्या रीतीने कामास लावले, आणि ही रीत मला सर्वांत आवडली, कारण ती आपल्या घराच्या रचनेशी तंतोतंत जुळते. कंपनीची पेटी ही ओसरी ठरविली. तिचे वायफाय पाहुण्यांना. तिच्यातून एक तार काढून नव्या राऊटरच्या इंटरनेटच्या खोबणीत घातली, त्याला पूर्ण राऊटर म्हणून चालू केले, आणि घरचा संगणक व प्रिंटर त्यावर घेतले. तो झाला माजघर. माजघराचे दार बाहेरच्या बाजूस उघडते. आतला मनुष्य ओसरीवर येऊ शकतो, ओसरीवरच्यास आपणहून आत शिरता येत नाही.

येथे एक मोठी फसगत आहे, आणि शिकलेली माणसेही तीत सापडतात. पुष्कळजण नवा राऊटर आणतात आणि तो पाहुण्यांना देतात. घरची मंडळी जुन्या पेटीवर तशीच राहतात. वरवर पाहता वाटणी झाली. वस्तुतः उलटेच झाले. आतल्या राऊटरवरचा पाहुणा बाहेर जाण्यासाठी जुन्या पेटीतूनच जातो, आणि जाताजाता तेथील प्रत्येक उपकरणास हाक मारू शकतो. पाहुण्यास माजघराच्या पलीकडील खोली द्यावी आणि त्याची वाट माजघरातून असावी, तसा तो प्रकार. म्हणून क्रम विसरू नये : पाहुणे बाहेरच्या पेटीवर, घर आतल्या राऊटरवर. दोहोंचे आतले क्रमांक भिन्न असावेत, एकाचे १९२.१६८.१ ने आरंभ होत असतील तर दुसऱ्याचे १९२.१६८.५ ने, नाहीतर टपाल चुकते. या रीतीने काही खेळ व घरी बसून बाहेरून कॅमेरे पाहण्याच्या काही जुन्या सोयी अडतात, असे ऐकतो. आमच्या घरी काही अडले नाही.

ज्यांना एकच नवा राऊटर घेऊन सारे निभवायचे आहे, त्यांनी काड्या न मोजता काही निराळ्या गोष्टी पाहाव्यात. कुलपाचा प्रकार डब्यावर लिहिलेला असतो. वायफायचे पहिले कुलूप, ज्यास वेप म्हणत, ते २००१ सालीच संशोधकांनी फोडून दाखविले. २००४ साली डब्ल्यूपीए-२ आले आणि २०१८ साली डब्ल्यूपीए-३. नवा राऊटर घेताना तिसरे असलेलाच घ्यावा. मात्र ओसरीवर जुने मोबाईल येणार, म्हणून तेथे दुसरे व तिसरे दोन्ही चालतील असे ठेवावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कंपनी त्या राऊटरची दुरुस्ती किती वर्षे पाठवीत राहील. बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली डब्ल्यूपीए-२ मध्येही एक उणीव दाखविली होती. ती ज्या कंपन्यांनी दुरुस्ती पाठविली त्यांच्याच उपकरणांत भरून निघाली. स्वस्तात मिळतो म्हणून जुना, बाजारातून उठलेला राऊटर घेणे म्हणजे ज्याचा लोहार वारला आहे असे कुलूप घेणे होय. डब्यावर ही मुदत क्वचितच लिहिलेली असते. कंपनीच्या स्थळावर त्या नमुन्याची शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेची आहे, ते मुलांकडून पाहून घ्यावे.

आपल्याकडील जुन्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, हातभर जाड. राऊटर दोन लहरींवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर सावकाश पण भिंतीतून बरी जाते. ५ ची वेगवान, पण एका जाड भिंतीतच दमते. म्हणून ओसरीसाठी २.४ चालू असलीच पाहिजे. मोठ्या वाड्यासाठी दोनतीन पेट्यांचा संच घेणाऱ्यांनी विचारून घ्यावे की, पाहुण्यांचे जाळे संचातील प्रत्येक पेटीवर पोहोचते की केवळ पहिलीवर. विजेच्या लपंडावासाठी राऊटरचा लहान यूएसपी, चुकलो, यूपीएस मिळतो. मास्तरांची जीभही या अक्षरांत अडखळते. तो घेताना राऊटरला किती व्होल्ट लागतात ते राऊटरवर वाचून घ्यावे.

बसविल्यानंतरची कामे थोडी आहेत. पाहुण्यांच्या जाळ्यातून राऊटरचे पान उघडू न देण्याचा पर्याय असतो, तो लावावा. बटण दाबून पासवर्डाविना जोडण्याची 'डब्ल्यूपीएस' नावाची सोय असते, ती बंद करावी. लहान मुलांच्या हाती ते बटण सहज लागते. दोन जाळ्यांचे पासवर्ड भिन्न असावेत, आणि पाहुण्यांचा प्रत्येक कार्यानंतर बदलावा. मोबाईलने टिपून आपोआप जोडणारे चौकोनी चित्र कागदावर छापून ओसरीत लावता येते. माझ्या खुंटीवर आता पाटीऐवजी तोच कागद आहे.

टीव्ही आणि कॅमेरे कोठे ठेवावेत, असे मला पुष्कळांनी विचारले. माझे मत, ओसरीवर. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतील कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली होती. तो हल्ला 'मिराई' नावाच्या किडीने घरोघरचे कॅमेरे व राऊटर हाताशी धरून घडविला होता, आणि त्या उपकरणांवर कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिले होते. ज्या कॅमेऱ्याचा पासवर्ड आपण कधी बदलला नाही तो घरचा मानू नये. एक अडचण मात्र सांगतो. पाहुण्यांनी एकमेकांसही पाहू नये, असा जो पर्याय असतो तो लावल्यावर पाहुण्याच्या मोबाईलमधील लग्नाची छायाचित्रे आपल्या टीव्हीवर दाखविता येत नाहीत, दोघे ओसरीवर असले तरी. काही राऊटरांत हे दोन पर्याय वेगळे असतात, काहींत एकच. आमच्याकडे एकच आहे. बायकांनी तक्रार केली. ती योग्य होती. आम्ही एक तार आणून मोबाईल थेट टीव्हीस जोडतो.

आता कोणी म्हणेल, एवढी भिंत घातल्यावर ओसरीचा पासवर्ड तरी कशाला हवा? ठेवावा ओसरी उघडी, येईल जाईल त्याच्यासाठी. आपल्या स्वभावाला हे रुचणारे आहे. परंतु २००८ सालची गोष्ट आठवावी. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे वृत्तसंस्थांना जो धमकीचा ईमेल गेला, त्याचा माग काढीत पोलीस नव्या मुंबईत सानपाडा येथील एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी पोहोचले. त्यांचे वायफाय उघडे होते, आणि बाहेरच्या कोणी ते वापरले होते. त्या गृहस्थास चौकशीस तोंड द्यावे लागले, संगणक तपासला गेला. पुढे दूरसंचार खात्याने २००९ च्या फेब्रुवारीत इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या. आपल्या घरची दोन जाळी बाहेरच्या जगास दिसत नाहीत. बाहेर घराचा पत्ता एकच दिसतो, आणि तो जोडणी ज्याच्या नावावर त्याचा. ओसरीवर कोण बसले होते, हे विचारायला पोलीस घरमालकाकडेच येणार. म्हणून पासवर्ड हवा, आणि तो मागणाऱ्याचा चेहरा आपण पाहिलेला हवा.

या भिंतीने सारे साधते असे मी म्हणत नाही. घरच्याच संगणकावर बसून कोणी भलतीच लिंक उघडली, तर त्याला राऊटर काय करणार? आणि हार्डडिस्क राऊटरला लावून तिला पासवर्ड न ठेवणे, ही तर माझीच हयगय होती. जाळी दोन असती तरी माझ्या मोबाईलमधून ती बाहेर गेली असती.

आता सूचीविषयी. ती डिस्क आता कोणत्याही जाळ्यावर नाही. सूची एका संगणकावर आहे, तिला पासवर्ड आहे, आणि तो मजखेरीज चिटणीसांना ठाऊक आहे. छायाचित्रे व मोबाईल क्रमांक वेगळे काढले असून ते दोन्ही कुटुंबांची संमती आल्यावरच परस्परांस दिले जातात. खाजगी पत्रे मी ज्यांची त्यांना परत केली. २०२३ साली संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे, त्याअन्वये मंडळाने काय करावे हे कार्यकारिणीने एखाद्या वकिलास विचारून ठरवावे, असे मी लेखी कळविले आहे. २०२४ पूर्वी ज्यांनी आपल्या मुलामुलींची माहिती मजकडे दिली होती, आणि हे ऐकल्यावर जी काढून घ्यावी असे ज्यांना वाटते, त्यांनी आज भोजनोत्तर मला भेटावे. मी मंडपाच्या डाव्या बाजूस, पुस्तकांच्या टेबलापाशी बसलेला असेन. संगणक बरोबर आणला आहे. नाव आपल्या डोळ्यांदेखत पुसून देईन, आणि कारण विचारणार नाही.